उपाशी आतडं

बाबांच्या आतड्याला पीळ पडला त्या दिवशी मी नांदेडला फार्मसी कॉलेजात पोरांना आतड्याचीच औषधं शिकवत होते. आईचा फोन आला. "पोट टम्म फुगलंय तुझ्या बाबांचं, लातूरला नेऊन राहिलो," एवढंच म्हणाली. मी लातूरला पोचले तोवर ऑपरेशन उरकलं होतं. सर्जननी काळं पडलेलं आतडं कापून काढलं होतं. वरचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर आणून त्यावर पिशवी लावली होती आणि खालचा वीतभर तुकडा तोंड शिवून आत तसाच ठेवला होता. "त्या तुकड्याला सध्या आराम दिलाय," ते म्हणाले. "तीन-चार महिन्यांनी पुन्हा जोडून टाकू."

तीन-चार महिन्यांची दोन वर्षं झाली, ती बाबांमुळे.

बाबा अहमदपूरच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर आत जाऊन मालकाला सांगणारे. आमच्या घरात संडास हा शब्द तोंडातून काढायला बंदी होती. "जाऊन येतो" म्हणायचं, कुठं ते ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. वर्गात एखाद्या पोरानं ढेकर दिला तर बाबा खडू खाली ठेवायचे आणि ते पोरगं खाली मान घालेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे. अशा माणसाच्या पोटावर पिशवी आली, आणि पिशवीला शिस्त नसते. पाहुणे बसलेले असताना ती बोलायची. मग बाबा घाईघाईनं टीव्हीचा आवाज वाढवायचे. सकाळी निवृत्त मास्तरांच्या कट्ट्यावर जाणं त्यांनी सोडलं, लग्नकार्यं सोडली. पिशवीत कमी यावं म्हणून जेवणही दोन घासांवर आणलं. तरी जोडून घ्या म्हटलं की "दिवाळी होऊ द्या", दिवाळी झाली की "उन्हाळा जाऊ द्या". पुन्हा पोट उघडायची त्यांना भीती वाटत होती, आणि भीती वाटते असं म्हणायची त्याहून जास्त.

मग खालून रक्त जायला लागलं. ज्या वाटेनं आता काहीच जायचं नव्हतं त्या वाटेनं रक्त आणि चिकट आव. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आईला धुण्यात दिसलं. सर्जननी दुर्बिणीनं आतून पाहिलं, कणभर तुकडा तपासायला पाठवला आणि सांगितलं, कॅन्सर वगैरे काही नाही, रिकामं पडून राहिल्यानं सूज आलीय, जोडलं की ती शमेल. घरी चपला काढता काढता बाबा म्हणाले, "डॉक्टरांचं कामच धीर द्यायचं. आत सडून गेलंय ते. अढीत एक आंबा नासका ठेवला तर बाकीच्यांचं काय होतं? मी जोडून घेणार नाही. विषय संपला."

बाबांनी संपला म्हटलं की आमच्या घरात विषय संपतो. माझा मात्र तिथूनच सुरू झाला.

मी दरवर्षी फळ्यावर एक ओळ लिहायचे आणि तास संपला की पुसून टाकायचे. मोठ्या आतड्याच्या अस्तराला त्याचं बरंचसं अन्न रक्तातून मिळत नाही, ही ती ओळ. बाबांच्या रक्तानंतर मी तिच्या मागे लागले, जुने-नवे लेख काढून वाचले. आपण खाल्लेलं सगळं चांगलंचुंगलं वर लहान आतड्यातच काढून घेतलं जातं. खाली येतो तो चोथा. ज्वारीचा कोंडा, शेवग्याचे दोरे, डाळीची टरफलं. त्या चोथ्यावर असंख्य जंतू जगतात, तो आंबवतात, आणि त्यातून काही आम्लं तयार होतात. त्यातलं एक म्हणजे लोणी खवट झालं की ज्याचा वास येतो तेच. अस्तर ते आम्ल खाऊन राहतं. वाट बंद केली की चोथा येत नाही, जंतूंना काम उरत नाही, आणि अस्तर उपाशी पडतं. चहूबाजूंनी रक्त वाहत असतं आणि मध्ये ते उपाशी. ज्याला आराम दिला ते आरामानंच आजारी पडलं होतं.

हे नीट डोक्यात शिरलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. हातातली भाकरी तशीच हातात राहिली. माझ्या आत कुणीतरी कुणालातरी जेवू घालतंय, जन्मभर घालत आलंय, आणि मला त्याची खबरसुद्धा नाही. मला एकदम फार मोठं काहीतरी दिसल्यासारखं झालं. लाजही वाटली, कारण इतकी वर्षं हे मी पोरांना दोन मार्कांपुरतं सांगत आले होते.

पीएच.डी. करायची हे तर केव्हापासून चाललंच होतं. आमचे गाईड सर मूळचे जनावरांचे डॉक्टर. बोटं ऊसतोड करणाऱ्याची असावीत अशी जाड, पण त्या बोटांनी ते केसाएवढ्या दोऱ्याची गाठ मारायचे. मी त्यांच्यापुढे प्रश्न ठेवला. उंदराचं आतडं बाबांसारखंच वळवायचं, खालचा तुकडा रिकामा ठेवायचा, त्याला सूज आली की खालून रोज तेच खवट वासाचं आम्ल पातळ करून एनिमानं द्यायचं. उपाशी अस्तराला जेवू घातलं तर ते बरं होतं का? जगात इतरांनीही हे करून पाहिलं होतं, कुठं गुण आला होता, कुठं नव्हता. परवानगीच्या कागदांवर सही करण्याआधी सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, उंदीर म्हणजे तुमचे वडील नव्हेत. इथं जे निघेल ते औषध म्हणून घरी न्यायचं नाही." मी हो म्हटलं. मनात मात्र सगळे उंदीर अहमदपूरचेच होते.

उंदराचं आतडं करंगळीहून बारीक. भूल दिलेल्या त्या पांढऱ्या जनावराच्या पोटातून सर ते अलगद बाहेर घ्यायचे तेव्हा त्याच्यावरून हलकी लाट सरकत जायची, मालक बेशुद्ध आहे याचा त्याला पत्ताच नाही. मी प्रत्येक वेळी ती लाट बघत बसायचे आणि सर "कात्री" म्हणून दुसऱ्यांदा हाक मारायचे. पहिल्या उंदराच्या पोटावर आम्ही मसुराच्या दाण्याएवढं लाल तोंड करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यातून एक लेंडी बाहेर आली. आयुष्यात कुणाची लेंडी बघून मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

तो आनंद वाटून घ्यायला तिथं मामा होते. कॉलेजात शिपायांना सगळे मामाच म्हणतात, पण ॲनिमल हाऊसचे हे मामा खरोखर मामासारखे वागायचे. रोज मुदखेडहून सकाळच्या गाडीनं यायचे. रविवारी विहारात वंदना आटपून दुपारच्याला यायचे, कारण उंदरांना सुट्टी नसते. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाणी, खाणं आणि रोजची नोंदवही, सगळं त्यांच्याकडे. "खाऊन घे बापा, मॅडम आल्या की तुला बूड वर करावं लागते," असं ते एकेका उंदराला समजावून सांगायचे.

अर्ध्या उंदरांना मी रोज दुपारी आम्ल द्यायचे, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. त्या आम्लाचा वास साबणानं जात नाही. शनिवारी अहमदपूरची एसटी धरली की शेजारची बाई लोह्यापर्यंत नाकाला पदर लावून बसायची आणि लोह्याला जागा रिकामी झाली की उठून जायची. आई दारातच अडवायची. "आधी अंघोळ कर. कढवायच्या राहिलेल्या लोण्यावानी वास मारून राहिलीस." बाबा आतून ऐकत असायचे. उंदरांबद्दल ते काही विचारत नसत, पण मी आईला सांगायला लागले की टीव्हीचा आवाज कमी व्हायचा.

नोंदवहीत प्रत्येक उंदरासमोर 'हालचाल' असा एक रकाना होता. मामा त्यात एकच शब्द लिहायचे. ठीक. मंद. आराम. आम्ल सुरू करून दोन आठवडे झाले आणि माझ्या लक्षात आलं की 'आराम' हा शब्द आम्लवाल्या उंदरांसमोरच जास्त यायला लागलाय. मिठाच्या पाण्यावरचे बरेचसे 'ठीक', आणि माझे आम्लवाले आज एक, उद्या दोन करत आराम करायला लागलेले. म्हणजे औषध उलटंच पडत होतं. ते जळजळीत आम्ल मी सुजलेल्या जागी ओतत होते आणि जनावरं निपचित पडत होती. त्या आठवड्यात मी अहमदपूरला गेले नाही, बाबांना तोंड दाखवावंसं वाटेना.

आमचा एक नियम होता. उंदीर सलग तीन दिवस सुस्त पडून राहिला तर त्याचे हाल करायचे नाहीत, भूल वाढवून झोपवायचं. सात नंबरसमोर बुधवारी आराम, गुरुवारी आराम, शुक्रवारी आराम. शनिवारी मामा पुतणीच्या लग्नासाठी रजेवर होते. मी दुपारी पिंजऱ्यापाशी गेले तर सात नंबर कोपऱ्यात मुटकुळं करून पडलेला. बोट लावलं तर एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. सर परभणीला होते, त्यांना फोन केला. "तीन दिवस झाले असतील तर नियमाप्रमाणे करा," ते म्हणाले. उंदीर दिवसा झोपतो आणि अंधारात हिंडतो, हे मी दर जूनमध्ये पहिल्या तासाला शिकवते. त्या दुपारी ते मला आठवलं नाही.

मी त्याला झोपवलं, पोट उघडलं आणि खालचा तुकडा कात्रीनं उभा चिरला. काय दिसणार ते मला माहीत होतं. मिठाच्या पाण्यावरचा एक उंदीर आधी दगावला होता, त्याचं अस्तर लालभडक, रवाळ होतं, जागोजाग रक्त साखळलेलं. तेच बघायची तयारी ठेवून मी पापुद्रा उलगडला.

आत गुलाबी होतं. ओलं, गुळगुळीत, बारीक घड्या घड्यांचं, कुठं एक ओरखडा नाही. मी दिवा जवळ ओढला. चिमट्याच्या टोकानं हळूच घासून पाहिलं, रक्ताचा थेंब आला नाही. अन्नाचा कण न दिसलेली ती जागा, सगळ्या अंगापासून तोडून टाकलेली, आणि रोज चमचाभर खवट पाणी मिळताच तिनं स्वतःला पुन्हा विणून घेतलं होतं. मी कुणाच्या पाया पडावं ते मला कळेना. खोलीत कुणी नव्हतं म्हणून बरं, कारण मी मोठ्यानं "अगं बाई" म्हणाले होते.

दोन मिनिटं मी आनंदात होते. मग हातातल्या जनावराकडे लक्ष गेलं. आतडं इतकं चांगलं होतं तर हा तीन दिवस कशानं पडून होता?

सोमवारी मामा आले. लग्नातले बुंदीचे लाडू माझ्या टेबलावर ठेवले, आत गेले आणि लगेच बाहेर आले.

"मॅडम, सात नंबर कुठं गेला?"

"झोपवला मामा. तुम्हीच लिहिलं होतं ना, तीन दिवस आराम."

"हाव. आराम पडला होता त्याला." मामांना माझं बोलणं उमगलंच नाही. "मी सकाळी आलो की जाळीला लटकून राहायचा. लई उड्या. आठ नंबरच्या पिंजऱ्यात शेपूट घालायचा. म्हणून तर लिहिलं."

मी खुर्चीत बसले. आमच्याकडं तापातून उठलेल्या माणसाला कुणी "बरं वाटतंय का" असं विचारत नाही, "आराम हाय का" असंच विचारतात. हे मी जन्मल्यापासून ऐकत आले होते, आईला रोज फोनवर विचारत होते. पण रकान्यावर 'हालचाल' असं छापलेलं होतं आणि मी शिकलेली होते, म्हणून मी तो शब्द पुस्तकातला वाचला. ध चा मा मी केला होता, तोही एक अक्षर न बदलता.

मी मामांना समजावून सांगितलं. त्यांनी वही काढून त्या तीन 'आराम'वरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "इचारायचं होतं मॅडम. फोन होता की माझ्यापाशी." ते आत गेले आणि सात नंबरचा पिंजरा धुवायला लागले. मी भुशाच्या पोत्यांमागे जाऊन रडले. उंदरासाठी रडणारी प्राध्यापिका कुणाला दिसायला नको होती.

त्यानंतर मी नोंदवही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. तीच अक्षरं, तोच मामांचा तिरका हात, आणि आता प्रत्येक ओळ उलटी. आज एकाला आराम, उद्या दोघांना, परवा तिघांना. जी जनावरं खचत चालली म्हणून मी आठवडाभर जेवले नव्हते, ती माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून बरी होत होती.

सरांपुढे गेले तेव्हा ते ओरडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "चूक लिहा," म्हणाले. "खोडू नका, झाकू नका. प्रबंधात एक परिच्छेद त्या उंदराचा." रकानाही बदलला. आता तिथं 'उड्या' आणि 'झोप' असे दोन शब्द छापले होते आणि मामांनी नुसती खूण करायची होती. प्रयोग संपला तेव्हा आम्लवाल्यांत काहींची सूज साफ गेली होती, काहींची निम्मी, दोघांना काही म्हणजे काही फरक नव्हता. सात नंबरसारखं अस्तर पुन्हा दिसलं, पण प्रत्येकात नाही.

त्या शनिवारी मी बाबांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. गुलाबी अस्तर, दोन न सुधारलेले उंदीर, आणि माझी चूक. टीव्ही त्यांनी स्वतः बंद केला.

"रकान्यात काय लिहिलं होतं त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"आराम."

"क्रियापद?"

"नव्हतं."

"आराम पडला, आराम केला, आराम दिला. क्रियापद गाळलं की जीव जातो," बाबा म्हणाले. पेपर तपासताना बोलायचे तसंच. मग त्यांनी खाली बघत विचारलं, "ज्यांना नुसतं पाणी दिलं, त्यांचं आतडं... ते सडलं होतं का?"

"नाही बाबा. सुजलं होतं. रक्त येत होतं."

"मग?"

"मेलेल्याला रक्त येतं का? ते जिवंत आहे म्हणून रक्त येतंय. उपाशी आहे ते. मी तुम्हाला औषध सांगत नाहीये, ते उंदरांचं आहे. तुमचं औषध सर्जननी सांगितलंय, जोडायचं. म्हणजे त्याला जेवण मिळेल."

बाबांचा हात सदऱ्यावरून पोटावर गेला. पिशवीच्या बाजूला नाही, मध्ये, खाली. दोन वर्षांत त्यांनी तिकडे हात नेलेला मी पाहिला नव्हता. "उपाशी," ते हळूच म्हणाले. "आणि आपण त्याला नासकं म्हणून राहिलो." आई दारात उभी होती, तिनं डोळे पुसले. सोमवारी बाबांनी स्वतः लातूरला फोन लावला.

ऑपरेशन नीट झालं. पण नीट झालं की नाही हे सांगणारं एकच चिन्ह असतं, आणि सर्जन रोज सकाळी खाटेपाशी येऊन तेच विचारायचे. "काय मास्तर, वारा सरला का?" सहा खाटांच्या वॉर्डात, भरल्या लोकांत. बाबा भिंतीकडे तोंड करून "नाही" म्हणायचे. पहिला दिवस नाही. दुसरा नाही. तिसऱ्या दिवशी पोट थोडं फुगलं आणि सर्जननी विचारताना हसणं सोडलं. शेजारच्या खाटेवर मुरुडचे एक आजोबा होते, तेही असंच आतडं जोडून घेऊन पडलेले. त्यांचाही वारा अडकला होता. आजोबा मोठ्यानं देवाला विचारायचे, बाबा गप्प. जोड धरला नाही तर पुन्हा पोट उघडावं लागेल, हे आम्हा घरच्या तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही दुसरंच बोलत होतो. आई तर मला स्वयंपाकघरातल्या डब्यांची जागा सांगत बसली होती.

चौथ्या दिवशी सकाळी मी थर्मासमधून आईसाठी चहा ओतत होते. बाबांच्या पांघरुणाखालून आवाज आला. आधी बारीक, अडखळत, मग लांबलचक. दोन वर्षं जिथून काही गेलं नव्हतं त्या वाटेनं काहीतरी निघालं होतं, आणि पार बाहेर पोचलं होतं. कप भरून चहा खाली सांडत होता. आईनं माझा हात धरला.

बाबांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, आता हे भिंतीकडे वळणार, लाजेनं दिवसभर बोलणार नाहीत. त्यांनी डोळे उघडले, उशीवर मान वळवली, पण भिंतीकडे नाही. मुरुडच्या आजोबांकडे पाहून, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "आमचा वारा सरला बरं का. तुमचाही सरेल."

आजोबांनी पडल्या पडल्या हात जोडले.